एस्टोनियन सिनेमे दाखवून इंग्लिश बोलायला शिकवणारा क्लास: पैसे वसूल, पण भलत्याच कारणाने

आधीच निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील. इंग्लिश सुधारायला जात असाल तर हा क्लास ठीकठाक आहे, पाचापैकी अडीच. पण एस्टोनियाचे सिनेमे बघायचे असतील, आणि तेही एस्टोनियन माणसांच्या शेजारी बसून, तर इथे राजधानी टॅलिनमध्ये इतकी स्वस्त आणि मजेशीर सोय मला तरी दुसरी माहीत नाही. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, खाली बरीच टीका केलीये आणि कारभार अगदी छोटा आहे, माणसं मनापासून चालवतात, उगाच नुकसान नको. तेलिस्किवी-कालामायाच्या भागात राहत असाल तर पोस्टर दिसेलच कुठेतरी.

प्रकार असा आहे की आठवड्यातून एक संध्याकाळ, आधी एस्टोनियन सिनेमा इंग्लिश सबटायटल्ससकट, मोठा असेल तर दोन आठवड्यांत अर्धा अर्धा, मग चहा, मग खुर्च्या गोल मांडून त्या सिनेमावर फक्त इंग्लिशमधून बोलायचं. वर्गात साधारण निम्मे एस्टोनियन, ज्यांना ऑफिसात इंग्लिश लागतं पण मीटिंगबाहेरचं बोलायचं म्हटलं की तोंड शिवलेलं, आणि निम्मे आमच्यासारखे बाहेरून आलेले, एक तुर्की मुलगा, दोघी युक्रेनियन, ब्राझीलचं एक जोडपं, आणि भारतीयांत मी आणि एक तेलुगू पोरगा. शिकवणाऱ्या बाई आयरिश आहेत, बोलक्या, हसऱ्या, एस्टोनियन माणसाला बोलतं करायचं म्हणजे काय काम आहे हे ज्यांना माहितीये त्यांना त्यांची मेहनत कळेल.

आता तक्रार, आणि मोठी तक्रार हीच. दर वेळी एक छापील कागद मिळतो, त्यावर सिनेमाबद्दल बोलायचे शब्द. ग्रिपिंग, फास्ट-पेस्ड, अ‍ॅक्शन-पॅक्ड, स्टार-स्टडेड कास्ट, स्टनिंग स्पेशल इफेक्ट्स, ब्लॉकबस्टर. कागद कुठल्यातरी तयार पुस्तकातून उचललाय हे उघड आहे, कारण समोर पडद्यावर एक माणूस चिखलात रुतलेली गाय दोरीने ओढून काढतोय आणि आमच्या हातात शब्द आहे 'अ‍ॅक्शन-पॅक्ड'. अहो, हा 13-14 लाख वस्तीचा देश, म्हणजे आपल्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या शहराएवढी माणसं, इथे तेच नट नाटकात, तेच मालिकेत, तेच सिनेमात, 'स्टार-स्टडेड' म्हणायला स्टार आणायचे कुठून. हॉलिवूडसाठी शिवलेला सदरा या सिनेमांना घालायचा प्रयत्न दर आठवड्याला होतो आणि दर आठवड्याला तो फाटतो.

कागदाच्या मागच्या बाजूला मात्र छोटी छोटी वाक्यं असतात आणि खरा माल तिथे आहे. 'इट्स सेट इन', 'इट्स बेस्ड ऑन', 'इट ड्रॅग्ज अ बिट इन द मिडल', 'आय कुडन्ट रिअली गेट इन्टू इट', 'इट ग्रोज ऑन यू'. ही वाक्यं कुठल्याही सिनेमाला चालतात आणि ऑफिसात कॉफी मशीनपाशी सोमवारी सकाळी उपयोगी पडतात. पुढची बाजू फाडून टाकली आणि मागचीच दोन्हीकडे छापली तरी क्लासचा दर्जा एका घावात वाढेल, मी फीडबॅकच्या कागदावर हेच लिहिलंय.

आपल्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. आपण सिनेमाबद्दल जे इंग्लिश बोलतो ते इंग्लिश नाहीच, ते आपलंच काहीतरी आहे. तेलुगू पोराने पहिल्याच दिवशी सांगितलं की फर्स्ट हाफ स्लो होता पण इंटरव्हलनंतर पिकअप घेतला, आणि एस्टोनियन मंडळी नुसती बघत राहिली, कारण इथे थेटरात इंटरव्हल नसतोच, पावणेतीन तासांचा सिनेमा असला तरी सलग, त्यामुळे फर्स्ट हाफ-सेकंड हाफ ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात नाही. तसंच 'हिरोची एन्ट्री', 'एक फाइट आहे', 'डायलॉग भारी आहेत', 'वन टाइम वॉच'. बाईंना यातलं काही कळलं, काही नाही, पण त्यांनी हसण्यावारी न नेता फळ्यावर लिहून घेतलं आणि प्रत्येकाच्या बाजूला बाहेर काय म्हणतात ते दिलं, हे मला आवडलं. दुसरीकडे एस्टोनियन लोकांची वेगळीच गंमत. त्यांच्या भाषेत तो आणि ती दोघांना एकच शब्द, 'ता', त्यामुळे इंग्लिश बोलताना 'ही' (he) आणि 'शी' (she) यांची सर्रास अदलाबदल होते, आणि प्रेमत्रिकोण असलेला सिनेमा असला की कोण कोणाच्या मागे आहे हे समजायला पेपर-पेन लागतं. बाईंचा एक नियम असा की सिनेमाची गोष्ट सांगताना वर्तमानकाळ वापरायचा, भूतकाळ नाही. हा नियम आपल्याला फुकट जमतो, आपण तरी वेगळं काय करतो, मग तो घरी येतो, बघतो तर काय, असंच सांगतो ना.

आता सिनेमांकडे येते, कारण जायचं ते त्यांच्यासाठीच.

'तोदे या ओइगुस', इंग्लिशमध्ये 'ट्रुथ अँड जस्टिस'. फेब्रुवारी 2019 मध्ये आला, दिग्दर्शक तानेल तोओम, आणि मूळ कादंबरी आ. हा. ताम्सारे यांची, पाच खंड, 1926 ते 1933 या काळात आलेली, इथल्या प्रत्येकाने शाळेत वाचलेली किंवा वाचली असं सांगितलेली. सिनेमा पहिल्या खंडावर आहे. 1872 साली आंद्रेस नावाचा तरणाबांड शेतकरी बायकोला घेऊन वार्गामाए नावाच्या जागी येतो, कर्ज काढून शेत घेतलंय, शेत म्हणजे दलदलीच्या मधोमध उंचवटा, दगडधोंडे आणि पाणी. शेजारी पेआरु, एक नंबरचा खोडसाळ माणूस. आणि मग सुरू होतं ते सगळं, पाण्याचा चर कोणी अडवला, कुंपण कोणी हलवलं, कोणाची गुरं कोणाच्या रानात, कोर्टकचेऱ्या, दारू, पुन्हा कोर्ट. मी पहिल्या अर्ध्या तासात ओळखलं, ही तर बांधावरची भांडणं. आमच्याकडे चुलत्यांच्यात याच कारणावरून तालुक्याच्या कोर्टात दोन पिढ्या गेल्यात, वकील श्रीमंत झाले, बांध तिथेच. फरक इतकाच की आंद्रेसच्या एका हातात बायबल आहे, आणि सत्य आपल्या बाजूला आहे म्हणजे न्यायही आपल्याच बाजूला हवा या हट्टापायी तो माणूस हळूहळू घरच्यांवरच उलटतो. पहिली बायको क्रोओट मुलं जन्माला घालत, राबत राबत मरते, आणि सिनेमा तिच्यासाठी थांबत नाही, पुढच्याच प्रसंगात काम चालू.

गप्पांच्या वेळी मी बांधाचं सांगितलं, मग एस्टोनियन मंडळी एकदम खुलली. एक जण म्हणाला की माझ्या आजोबांच्या गावात एक पेआरु होता, दुसरी म्हणाली आमच्या सोसायटीत आत्ता आहे, पार्किंगवरून. अर्धा तास नुसता पेआरुंचा पाऊस. एकानेही 'ग्रिपिंग' म्हटलं नाही हे वेगळं सांगायला नको. हा सिनेमा 1991 च्या, सोव्हिएत युनियनपासूनच्या स्वातंत्र्यानंतरच्या काळात इथे सगळ्यात जास्त चाललेल्यांपैकी आहे, आणि ऑस्करला परदेशी सिनेमांच्या शेवटच्या दहाच्या यादीपर्यंत गेला होता. माझं मत विचाराल तर वीस मिनिटं कमी असता तर आणखी चावला असता, शेवटाकडे आंद्रेसचं बायबल वाचन जरा जास्त होतं. पण प्रीत लोओगने आंद्रेस जो उभा केलाय ना, चोवीस वर्षांचा काळ त्याच्या मानेत आणि खांद्यात दिसतो, तो बघायलाच जा.

'नोव्हेंबर' हा माझा सगळ्यात आवडता आणि वर्गात सगळ्यात जास्त वाद झालेला. 2017 चा, दिग्दर्शक राइनर सार्नेट, अख्खा ब्लॅक अँड व्हाइट, आणि ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे जुनाट दिसणारं नाही, पांढरं इतकं पांढरं की डोळे दिपतात. कॅमेरामन मार्ट तानिएलला न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात छायाचित्रणाचं बक्षीस मिळालं ते उगाच नाही. आंद्रुस किविरॅह्क यांच्या 'रेहेपाप' कादंबरीवर आहे, कादंबरी 2000 सालची. गोष्ट काय, तर एक दरिद्री, थंड, चिखलाचं खेडं, जर्मन जमीनदाराच्या हवेलीच्या छायेत, आणि तिथे सगळे एकमेकांचं चोरतात. त्यांच्याकडे 'क्राट' असतो. क्राट म्हणजे मोडकी अवजारं, काठ्या, गवत, हाडं जोडून बनवलेला नोकर, त्यात जीव यायला सैतानाला रक्ताचे तीन थेंब द्यायचे आणि आत्मा गहाण टाकायचा, मग तो रात्रंदिवस मालकासाठी चोऱ्या करतो, पण त्याला सतत काम द्यावं लागतं नाहीतर तो मालकाच्याच जिवावर उठतो. आता गावकरी इतके चलाख की रक्ताऐवजी काळ्या मनुकांच्या जातीच्या फळाचा लाल रस देऊन सैतानालाच फसवतात. सुरुवातीलाच तीन पायांचा क्राट एक गाय उचलून हवेतून घेऊन येतो. गावात प्लेग येतो तेव्हा हे लोक डोक्यावर विजारी चढवून आडवे पडतात, का, तर प्लेगला वाटावं की यांना दोन्हीकडून ढुंगणच आहे आणि त्याने गोंधळून निघून जावं. मी इतकी हसले की शेजारच्या काकूंनी मान वळवून बघितलं, आणि मग त्याही हसल्या, आवाज न करता, खांदे हलवत.

आणि या सगळ्या येडेपणाच्या मधोमध लीनाची गोष्ट, जिचं हान्सवर प्रेम आहे आणि हान्स जमीनदाराच्या मुलीवर भाळलाय. इथे ती ही-शीची अदलाबदल झाली, एका दादांनी गोष्ट सांगताना लीनाला 'ही' आणि हान्सला 'शी' करून टाकलं, ब्राझीलचा माणूस बिचारा म्हणाला की मी वेगळाच सिनेमा बघितला वाटतं. कागदावर त्या दिवशी शब्द होता 'फार-फेच्ड', म्हणजे न पटण्यासारखं, आणि बाईंनी विचारलं की हा सिनेमा फार-फेच्ड वाटला का. एका एस्टोनियन मुलीने सरळ उत्तर दिलं की नाही, माणसं अगदी खरी आहेत. पुढे तिने जे सांगितलं ते माझ्या डोक्यात राहिलं, की सातशे वर्षं मालक दुसरा होता, जर्मन, स्वीडिश, रशियन, मग चोरून जगणं हाच शहाणपणा झाला, आणि किविरॅह्कने त्यालाच चिमटा काढलाय, आपल्याच लोकांना. कादंबरी इथे खूप खपली ती याच्यासाठीच असं तिचं म्हणणं. असलं काही मला एकटीला लॅपटॉपवर बघून कधी कळलं असतं.

'टँजरीन्स' सगळ्यांना आवडला, ज्यांना सुरुवात करायची त्यांनी इथून करावी, दीड तासाच्या आत संपतो आणि भाषा, देश, इतिहास काही माहीत नसलं तरी अडत नाही. 2013 चा, दिग्दर्शक जॉर्जियाचे झाझा उरुशाद्झे, एस्टोनिया आणि जॉर्जिया दोघांनी मिळून केलेला. अब्खाझियात, म्हणजे जॉर्जियातून फुटून निघालेल्या भागात, एकोणिसाव्या शतकात जाऊन वसलेली एस्टोनियन गावं होती, 1992 च्या युद्धात सगळे पळून आले, आणि एक म्हातारा इवो मागे राहिलाय, शेजाऱ्याच्या बागेतल्या संत्र्यांसाठी लाकडी खोकी बनवत. त्याच्या घरात दोन जखमी येऊन पडतात, एक चेचेन, एक जॉर्जियन, एकमेकांच्या जिवावर उठलेले. इवोचं काम लेम्बित उल्फसाकने केलंय, आवाज न चढवता. एस्टोनियाला मिळालेलं ऑस्करचं पहिलं नामांकन हेच. या सिनेमाला कागदावरचा 'मूव्हिंग' हा शब्द एकदाचा बसला, बाईंना बरं वाटलं असणार. फक्त शेवटचा गोळीबार जरा सोयीस्कर वेळी येतो असं माझं मत, ते मी बोलून दाखवलं तर तुर्की मुलगा भडकला, म्हणजे भडकला आपल्या मानाने नाही, इथल्या मानाने.

'रिस्टतूलेस', 'इन द क्रॉसविंड', 2014, मार्टी हेल्डेचा. इथे क्लास साफ हुकला. 14 जून 1941 ला सोव्हिएत सत्तेने एस्टोनियातून दहा हजारांच्या आसपास लोकांना घरातून उचललं, बायका-मुलांना सैबेरियात, पुरुषांना वेगळ्या छावण्यांत, त्यातल्या एका बाईची, एर्नाची, नवऱ्याला लिहिलेली पत्रं असा हा सिनेमा. हद्दपारीनंतरचे जवळजवळ सगळे प्रसंग गोठलेले आहेत, माणसं पुतळ्यासारखी थिजून उभी, आणि कॅमेरा त्यांच्यामधून सरकत जातो, वॅगनमध्ये, बर्फात, पावासाठी लागलेल्या रांगेत. नट खरोखर स्तब्ध उभे आहेत, कॉम्प्युटरची करामत नाही, नीट बघितलं तर कुणाची पापणी हलते. आणि असा सिनेमा संपल्यावर बाई म्हणतात, चला, पाचापैकी किती स्टार देऊ या, आणि कागदावरचे तीन तरी शब्द वापरा. खोलीत इथली माणसं बसलीयेत, प्रत्येकाच्या घरात कुणीतरी नेलेलं. कोणी स्टार दिले नाहीत. मग एका आजोबांनी स्वतःहून, मोडक्या इंग्लिशमध्ये, सिनेमात वॅगन दाखवलीये तशा वॅगनमध्ये किती माणसं कोंबायचे आणि पाण्याचं काय करायचे ते सांगायला सुरुवात केली आणि बाईंनी शहाणपणा केला, मध्ये बोलल्या नाहीत. पण हा अभ्यास या सिनेमाला ठेवायचाच कशाला. स्टारवाला खेळ काढून टाका, निदान या एका दिवशी.

'केवादे', म्हणजे वसंत, 1969 चा आर्वो क्रुसेमेंटचा, शाळकरी पोरांचा, 2002 मध्ये इथल्या समीक्षक-पत्रकारांच्या कौलात सर्वोत्तम एस्टोनियन सिनेमा ठरलेला. त्याच्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही कारण सबटायटल्सकडे लक्षच लागत नव्हतं, शेजारची एस्टोनियन मंडळी प्रत्येक संवाद नटाच्या आधी पुटपुटत होती. तोओत्स नावाचा वांड मुलगा आहे, सगळा वर्ग तो तोंड उघडायच्या आधीच हसायला तयार. गोड आहे, पण तो त्यांच्या आठवणींचा सिनेमा आहे, आपल्याला बाहेरूनच बघावा लागतो.

'वीम्ने रेलीक्विआ', इंग्लिशमध्ये 'द लास्ट रेलिक', हा 1969 चाच दुसरा, घोडे, तलवारी, मठ, नन, पळून जाणारी प्रेमी मंडळी, गाणी. पक्का मसालापट हो! ग्रिगोरी क्रोमानोव्हचा हा सिनेमा सोव्हिएत युनियनमध्ये साडेचार कोटींच्या आसपास तिकिटं खपवून गेला, आणि आपल्या कागदावरचे सगळे शब्द, फास्ट-पेस्ड, अ‍ॅक्शन-पॅक्ड, ब्लॉकबस्टर, या एका सिनेमाला चपखल बसतात. आणि हाच सिनेमा त्यांनी कागदाशिवाय दाखवला, सुट्टीच्या आधीची मजा म्हणून! गंमत म्हणजे नायक युक्रेनियन नट आणि नायिका लॅटव्हियन, आवाज दुसऱ्यांचे. युक्रेनियन मुलींनी नायक आपला म्हणून टाळ्या वाजवल्या.

आता जे दाखवत नाहीत त्याची यादी. अ‍ॅनिमेशन पूर्ण गायब, आणि हे म्हणजे कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा न घेता परत येणं झालं. इथे नुकुफिल्म नावाचा बाहुल्यांच्या सिनेमांचा स्टुडिओ 1957 पासून चालू आहे, एल्बर्ट तुगानोवने सुरू केलेला, आणि 1971 पासून राइन रामातने उभा केलेला चित्रांच्या अ‍ॅनिमेशनचा वेगळा विभाग. प्रीत पार्नची 'एइने मुरुल', म्हणजे गवतावरची न्याहारी, 1987 ची, अर्ध्या तासाच्याही आतली आहे आणि सोव्हिएत काळातल्या रांगा, कागदपत्रं, भीती सगळं त्यात येतं. छोट्या फिल्म्स असल्याने एका संध्याकाळी तीन होतील, बोलायला वेळही जास्त मिळेल. दुसरं, 'स्मोक सॉना सिस्टरहुड', आना हिंट्सची डॉक्युमेंटरी, 2023 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालेली. दक्षिणेकडच्या व्होरोमा भागातल्या धुराच्या सॉनात, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, बसलेल्या बायका आयुष्यात झालेलं सगळं बोलतात, आजार, गर्भपात, आया, नवरे, अत्याचार. वर्गात विचारलं तर सांगितलं की नग्नता आहे, बाहेरच्या देशांतल्या लोकांना अवघड वाटेल. आम्हा बाहेरच्या लोकांना विचारून बघायला काय हरकत होती. त्या सिनेमात घामाने भिजलेली पाठ आणि खांदा इतक्या साध्या नजरेने दाखवलाय की पाच मिनिटांनी कपड्यांचा विचारही डोक्यात राहत नाही.

टॅलिनमध्ये हिंडताना ओळखीची जागा दिसावी म्हणून एक संध्याकाळ बाहेरच्या सिनेमांवर होती, ती चांगली. 'स्टॉकर', 1979 चा तारकोव्हस्कीचा, त्यातली बरीच दृश्यं इथली, यागालाच्या जुन्या वीज केंद्रापाशी आणि शहरातल्या कारखान्यांच्या भागात. आणि नोलनचा 'टेनेट', 2019 च्या उन्हाळ्यात चित्रीकरण झालं तेव्हा शहराच्या लास्नामाए भागातला मोठा रस्ता बंद ठेवला होता, सुरुवातीचा ऑपेरावाला हल्ला लिन्नाहाल या सोव्हिएत काळातल्या सभागृहात. ऑफिसातले लोक त्या ट्रॅफिकबद्दल अजून बोलतात, सिनेमाबद्दल नाही. आम्ही अर्थात डिंपल कपाडिया आणि मुंबई यावर बोललो, दहा मिनिटं खाल्ली. 'आय कुडन्ट फॉलो द प्लॉट' हे वाक्य त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाने, कुठलाही उच्चारदोष न होता, म्हटलं.

एस्टोनियन माणसाच्या प्रतिक्रियेबद्दल थोडं, नवीन आलेल्यांसाठी. त्यांना सिनेमा भयंकर आवडला तर ते 'नॉट बॅड' म्हणतात. 'क्वाइट नॉर्मल' म्हटलं तर तेही कौतुकच समजा. आपण सुपर्ब, माइंडब्लोइंग, एपिक उधळतो तेव्हा त्यांना वाटतं काहीतरी विकायला आलोय. बाईंनी हे दोन्ही बाजूंनी ताणायचा प्रयत्न केला, त्यांना जरा सैल करायचा, आम्हाला जरा आवरायचा, आणि मला वाटतं इंग्लिशचा जो काही उपयोग झाला तो इथेच झाला. आता मी सिनेमाच्या शेवटी 'इट्स अ लिटल अनइव्हन, बट इट स्टेज विथ यू' असं म्हणू शकते, पूर्वी नुसतं 'नाइस' म्हणायचे.

सोयी: खोली गरम असते, टॅलिनच्या थंडीत हे फार महत्त्वाचं. खुर्च्या घडीच्या, कडक, उशी न्या. प्रोजेक्टर बरा आहे पण सबटायटल्स खाली कापली जातात, पुढे बसलेल्या उंच माणसाच्या डोक्याआड जातात, आणि इथे उंच माणसांची कमी नाही. चहासोबत काळा पाव, चीज, आणि कोहुके, म्हणजे चॉकलेटचं पातळ कवच असलेली गोड चक्क्याची छोटी वडी, फ्रीजमधून काढलेली, ती मात्र चुकवू नका. फी एका संध्याकाळीला सिनेमाच्या तिकिटापेक्षा थोडी जास्त पडते, पूर्ण सत्राची एकदम भरली तर कमी. चुकलेला दिवस भरून मिळत नाही, ईमेल केला तर गोड उत्तर येतं पण दिवस मिळत नाही.

क्लास नको, नुसते सिनेमे हवेत तर जुन्या शहरातलं कीनो सोप्रुस बघा, 1955 चं थेटर, दर्शनी भागाला मोठे खांब, स्टालिनच्या काळातली थाटाची बांधणी, आत वेगळे सिनेमे लागतात. सोलारिस मॉलमधलं कीनो आर्टिस हे दुसरं. बाहेरचे सिनेमे इथे डब करत नाहीत, लहान मुलांचे सोडून, मूळ भाषेत लावतात आणि खाली एस्टोनियन-रशियन सबटायटल्स, म्हणजे इंग्लिश सिनेमा तुम्हाला कुठेही बघता येतो, पण एस्टोनियन सिनेमाला इंग्लिश सबटायटल्स आहेत का ते तिकीट काढायच्या आधी नीट बघायचं. नोव्हेंबरात पोफ असतो, ब्लॅक नाइट्स फेस्टिव्हल, 1997 पासूनचा आणि 2014 पासून कान-बर्लिनच्या श्रेणीत गणला जाणारा, चारच्या आत अंधार पडतो त्या दिवसांत थेटरात बसण्यासारखं सुख नाही, आणि तिथे इंग्लिश सबटायटल्सची अडचण येत नाही. मारयामाएला 2017 पासून फिल्म म्युझियम आहे, सिनेमा कसा बनतो ते हाताने करून बघायला मिळतं, पोरांना घेऊन जा, आणि मागच्या अंगणात काढून आणलेले लेनिन-स्टालिनचे पुतळे ठेवलेत तेही बघून घ्या. 1912 साली योहान्नेस पॅसुकेने टार्टू शहरातलं विमानाचं उड्डाण चित्रित केलं तेव्हापासूनचा एस्टोनियन सिनेमाचा इतिहास या म्युझियममध्ये लावलाय, म्हणजे आपल्या फाळक्यांच्या बरोबर एक वर्ष आधी.

पुढची बॅच सप्टेंबरात सुरू होते असं ऐकलंय. जाणार असाल तर यादी आधी मागून घ्या आणि 'नोव्हेंबर', 'टँजरीन्स', 'तोदे या ओइगुस' यातले दोन तरी आहेत का बघा, नसतील तर थांबा. आयईएल्ट्सची तयारी म्हणून जाणाऱ्यांनी अजिबात जाऊ नये, ग्रामर कोणी सुधारत नाही. आणि पोहोचायचं दहा मिनिटं आधी, बसताना डावीकडची दुसरी रांग धरायची, उजवीकडे खांब आहे.